जबड्याच्या सांध्याचे दुखणे
कानापुढे खालचा जबडा कवटीला जोडणारा सांधा किंवा चावण्याचे स्नायू यांत होणारी वेदना. अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी १९३४ मध्ये तिचे खापर पडलेल्या दाढांवर फोडले आणि पुढे कित्येक दशके दात झिजवून चाव, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची जुळणी, सुधारण्याचे उपचार चालले. पण चाव बिघडलेल्या अनेकांना काहीच दुखत नाही आणि ती निर्दोष असलेल्यांना दुखते. दात आवळण्याची सवय, मानसिक ताण व अपुरी झोप यांच्याशी वेदनेचा संबंध अधिक दिसतो. चाव सुधारल्यावर रुग्णांना बरे वाटते, हा आक्षेप खोटा नाही. मात्र पुष्कळांचे दुखणे काळानेही ओसरते, तेव्हा श्रेय उपचाराचेच असे म्हणता येत नाही. म्हणून मागे न फिरवता येणारे उपाय आधी करू नयेत. १९८० च्या दशकात अमेरिकेत या सांध्यात बसवलेली टेफ्लॉनयुक्त कृत्रिम रोपणे झिजून त्यांच्या कणांमुळे हाडच पोखरले गेले. अखेर ती बाजारातून मागे घ्यावी लागली. मऊ आहार, शेक, देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम आणि ताण हाताळण्याचे समुपदेशन एवढ्यावर बहुतेकांचे भागते. वेदनेविना होणाऱ्या नुसत्या ‘कट्’ आवाजाला तर उपचारच नको. सुपारी-गुटखा खाणाऱ्याचे तोंड उघडेनासे झाले, तर मात्र सांध्याला दोष देण्याआधी गालाचे आतले अस्तर तपासावे.