संत योहानाचा जन्मोत्सव

शाळेच्या दिनदर्शिकेत जयंत्या आणि पुण्यतिथ्या शेजारी शेजारी असतात. मुलांना एवढेच ठाऊक, की दोन्ही दिवशी तसबिरीला हार घालायचा. पण संताचा खरा दिवस कोणता, जन्माचा की मरणाचा, असा प्रश्न तुम्ही कधी मनाशी केला आहे का? वारकऱ्याला विचारून पाहा. तो ज्ञानोबांच्या समाधीची कार्तिक वद्य त्रयोदशी सांगेल, तुकोबांची बीज सांगेल.

नवल असे, की कॅथलिक ख्रिस्ती धर्मसभेनेही पूर्वीपासून हेच उत्तर दिले आहे. इ. स. १५५ च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानातील स्मिर्ना या शहरी पॉलिकार्प नावाच्या वृद्ध धर्माध्यक्षांना श्रद्धेपायी देहदंड झाला. तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी त्यांच्या अस्थी जपल्या आणि दरवर्षी तिथे जमून त्यांचा ‘जन्मदिन’ पाळायचे ठरविले. दिवस मृत्यूचा आणि नाव जन्माचे! संत इथे डोळे मिटतो तेव्हा देवाघरी जन्म घेतो, अशी ही श्रद्धा. शिवाय माणूस शेवटपर्यंत कसोटीला उतरला की नाही, हे शेवटच्या दिवसाआधी कोण सांगणार? म्हणून बहुतेक संतांचे सण त्यांच्या मृत्युदिनी येतात.

इहलोकीचे जन्म म्हणून धर्मसभा पाळते ते तीनच. येशूचा २५ डिसेंबरला. त्याची माता मरिया हिचा ८ सप्टेंबरला. वांद्र्याची मोतमावलीची जत्रा भरते ती याच सुमारास. आणि तिसरा २४ जूनला, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. पहिले दोन सहज समजतात. पण हा तिसरा का?

उत्तर लूकच्या शुभवर्तमानातील कथेत आहे. जखऱ्या हा यरुशलेमच्या मंदिरातला याजक. तो आणि त्याची पत्नी अलीशिबा दोघेही उतारवयाची, पोटी मूल नाही. देवदूताने पुत्र होईल असे सांगितले, तेव्हा जखऱ्याचा विश्वास बसेना आणि त्याची वाचा गेली. पुढे अलीशिबेला सहावा महिना असता मरिया तिला भेटायला आली. तीही तेव्हा गर्भवती होती. तिचा शब्द कानी पडताच अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी घेतली.

या उडीतच सणाचे मर्म आहे. प्रत्येक माणूस आदिपापासह जन्मतो, अशी कॅथलिक शिकवण आहे. योहान मात्र ख्रिस्ताच्या सान्निध्याने गर्भातच शुद्ध झाला, असे परंपरा मानते. त्याच्या हातून अजून काहीच घडले नव्हते. ना उपदेश, ना तप. कृपा आधी आली, कर्तृत्व मागाहून. पुण्यतिथी संताने काय केले ते सांगते. हा जन्मदिवस त्याला आधी काय मिळाले ते सांगतो.

आठव्या दिवशी बारसे. शेजारीपाजारी म्हणाले, बापाचेच नाव ठेवा. आई म्हणाली, ‘नाही, योहान.’ आपल्या कुळात हे नाव कुणाचे आहे का, अशी कुजबुज झाली. मुक्या बापाने पाटी मागवून तेच नाव लिहिले आणि त्याची वाचा परत आली. ‘देव कृपाळू आहे’ असा त्या नावाचा अर्थ. मूल घराण्याची नक्कल करायला आलेले नाही, ते स्वतःचे काम घेऊन आले आहे, हे त्या बापाने पाटीवर मान्य केले.

काम तरी कोणते? वाट करून देण्याचे. मोठेपणी योहानाने येशूकडे बोट दाखविले, तेव्हा त्याचेच दोन शिष्य उठून येशूमागे गेले. त्यांतला एक अंद्रिया. योहानाला वाईट वाटले नाही. त्याने वाढावे आणि आपण कमी व्हावे, हीच त्याची भावना. तारीखही पाहा. जूनच्या २१-२२ तारखेनंतर दिवस लहान होऊ लागतो आणि नाताळच्या सुमारास पुन्हा वाढीला लागतो. उत्तर आफ्रिकेतील संत ऑगस्टिन यांनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या प्रवचनांत हीच खूण दाखविली आहे.

आपल्या शेजारच्या गोव्यात हा सण ‘सांजांव’ म्हणून साजरा होतो. मृगाच्या सरी पडून गेलेल्या, विहिरी भरत आलेल्या. डोक्यावर पानाफुलांचे ‘कोपेल’ घालून तरुण विहिरीत उड्या घेतात, नव्या जावयाचे कौतुक होते. ही उडी कशाची, असे विचारा. लोक सांगतात, अलीशिबेच्या पोटातल्या बाळाची!

गुरुजनहो, योहानाचा मृत्युदिनही धर्मसभा विसरलेली नाही. हेरोद राजाने त्याचा शिरच्छेद केला, त्याचे स्मरण २९ ऑगस्टला होते. पण आनंद आहे तो जूनचा. उद्या वर्गात एखादे पोर तुमच्यापुढे गेले, तर या संताची आठवण करा. आपला विद्यार्थी आपल्याला ओलांडून पुढे जातो, तो दिवसही एका परीने आपल्या जन्माचाच असतो.