सदतीस अंशांची सवय

जंतुशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत जा, भिंतीलगतचा इन्क्युबेटर सदतीस अंशांवर लावलेला सापडेल. कधी लावला, कुणी लावला, हे कुणी विचारत नाही. माणसाचं अंग सदतीस अंशांचं, म्हणून जंतूही सदतीसलाच वाढवायचे, असा रिवाज. रुग्णाच्या रक्तातला जंतू शोधायचा असेल तर तो योग्यच आहे. पण माझी सगळी नोकरी नागपुरात दूध, पनीर, चटण्या आणि गोठवलेलं मांस तपासण्यात गेली. अन्नातला जंतू अन्नात असताना सदतीसला नसतोच मुळी. तो फ्रिजमध्ये चार अंशांवर असतो, नाहीतर दुकानाच्या फळीवर पंचवीसला. आणि तिथे त्याचं बाहेरचं अंग वेगळं असतं. पृष्ठभागावरची प्रथिनं, चरबीचे रेणू, पोहण्याच्या कशाभिका, सगळंच तापमानाप्रमाणे बदलतं. हे कळायला शास्त्राला जो उशीर लागला, त्यात या रिवाजाचा मोठा वाटा आहे असं माझं मत आहे.

हा रिवाज आला कुठून? रॉबर्ट कॉख सुरुवातीला जिलेटिनवर जंतू वाढवत असे. जिलेटिन सदतीसला पातळ होतं, त्यामुळे वसाहती विसाच्या आसपासच वाढवाव्या लागत. १८८१ च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे काम करत होता. त्याची बायको फॅनी फळांच्या जेलीत अगर घालायची. जावाला राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिला ते माहीत झालं होतं. तिनेच ते नवऱ्याला सुचवलं. अगर सदतीसला घट्टच राहतं. कॉखने १८८२ च्या क्षयरोगावरच्या लेखात अगरचा उल्लेख केला, बाईंचं नाव मात्र घेतलं नाही. त्यानंतर अंगाच्या तापमानाला घट्ट माध्यमावर जंतू वाढवणं सोपं झालं, आणि सोपं झालेलं काम हळूहळू नियम बनलं.

या नियमाला पहिला धक्का १८९४ च्या जूनमध्ये हाँगकाँगला बसला. प्लेगचा जंतू शोधायला जपानचे कितासातो आणि फ्रेंच वसाहतीतून आलेला अलेक्झांद्र येर्सिन असे दोघे तिथे पोचले. कितासातोंना इस्पितळ, मृतदेह, मदतनीस, सगळं मिळालं. येर्सिनला गवताची झोपडी बांधावी लागली आणि ब्रिटिश खलाशांच्या हातावर चार पैसे ठेवून मृतदेहांपर्यंत पोचावं लागलं. त्याच्याकडे इन्क्युबेटर नव्हता. म्हणून त्याची माध्यमं हवेच्या तापमानाला राहिली, आणि प्लेगचा जंतू अठ्ठावीसच्या आसपास उत्तम वाढतो. कितासातोंच्या उबदार पेटीतली वाढ बहुधा दुसऱ्या जंतूने भेसळलेली होती. दारिद्र्याचा असा फायदा विज्ञानात क्वचित होतो.

प्लेगचा जंतू अन्नातून पसरत नाही, पण त्याचे भाऊबंद पसरतात, म्हणून त्याला इथे जागा. शिवाय त्याचा एक धागा मुंबईचा आहे. १८९७ च्या जानेवारीत वाल्देमार हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. ही लस मांसाच्या रश्शात, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवून वाढवलेल्या जंतूंची होती. तुपाखालून जंतू लोंबत्या दोऱ्यांसारखे वाढत. हे सगळं मुंबईच्या हवेच्या तापमानाला. १९३२ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये शुट्झेने दाखवलं की, सदतीसला वाढवलेल्या जंतूवर एक वेष्टन चढतं, सव्वीसला वाढवलेल्यावर ते जवळजवळ नसतं. तोच जंतू, पण शरीराच्या संरक्षण यंत्रणेला ओळखायला दिलेली बाजू वेगळी. हाफकिनच्या लशीने असंख्य माणसं वाचवली, यात वाद नाही; पण ते वेष्टन तिच्यात कमीच असणार.

अन्नाच्या बाबतीत मला सगळ्यात जवळचा जंतू लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस. १९२६ मध्ये केंब्रिजच्या प्राणिगृहात ससे आणि गिनीपिग अचानक मरू लागले, तेव्हा मरे, वेब आणि स्वान यांनी तो वेगळा केला. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत पिरीला तो रानटी जर्बिलांमध्ये सापडला. जोसेफ लिस्टरच्या मानार्थ त्याने लिस्टेरेला असं नाव ठेवलं. ते नाव आधीच दुसऱ्या जिवाला दिलेलं निघालं म्हणून १९४० मध्ये लिस्टेरिया झालं.

त्याची खरी खोड १९४८ मध्ये उघडी पडली. अमेरिकेत ग्रे आणि त्याचे सहकारी आजारी गुरांच्या मेंदूतून लिस्टेरिया वाढवायला बघत होते. ताज्या मेंदूतून काहीच येत नव्हतं. तोच मेंदू फ्रिजमध्ये काही आठवडे ठेवून पुन्हा लावला की भरघोस वाढ! बाकीचे बहुतेक जंतू चार अंशांना थंडावतात, हा मात्र हळूहळू वाढत राहतो. त्याच्या आवरणातल्या फांदीदार मेदाम्लांचं प्रमाण थंडीत वाढतं, त्यामुळे आवरण गोठून कडक होत नाही. फ्रिजवर विसंबणाऱ्या आपल्या स्वयंपाकघराला हे ऐकायला बरं वाटत नाही.

आता कशाभिकांची गोष्ट. वीस ते पंचवीस अंशांना लिस्टेरिया कशाभिका काढतो आणि गिरक्या घेत पोहतो. सदतीसला बहुतेक वाणांत त्या जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणूनच पॅटरसनने १९४० च्या सुमारास याचे प्रकार ठरवले तेव्हा कशाभिकांच्या ओळखीसाठी कमी तापमानाची वाढ लागली. पुस्तकात वाक्य सोपं असतं: खोलीच्या तापमानाला गतिशील. हे पुस्तक लिहिणाऱ्याची खोली लंडनात असते. नागपुरात मे महिन्यात माझी खोली बेचाळीसला जायची. थंड करणारा, आम्ही ज्याला नुसतंच बीओडी म्हणतो तो इन्क्युबेटर आमच्याकडे यायच्या आधी, साधा इन्क्युबेटर खोलीपेक्षा खाली उतरूच शकत नसे. मग नळ्यांचा रॅक वाळ्याच्या कूलरसमोर, ओल्या फडक्यात गुंडाळून. थर्मामीटर दर तासाला बघायचा आणि वहीत आकडा टाकायचा. खोलगट स्लाइडला व्हॅसलिनची कड, कव्हरस्लिपवर थेंब, आणि सूक्ष्मदर्शकात ती डोक्यावरून घेतलेली कोलांटी दिसली की खात्री पटायची. अर्धवट घट्ट अगरमध्ये सुईने टोचून ठेवलं तर वरच्या बाजूला छत्री उघडल्यासारखी वाढ. शिकाऊ मुलं हीच नळी सवयीने सदतीसच्या पेटीत सरकवायची आणि मग सांगायची, 'मॅडम, हा अगतिशील आहे.'

कशाभिका का टाकायच्या, याचं उत्तर नंतर मिळालं. २००१ मध्ये असं दिसलं की, आपल्या पेशींवरचा एक ग्राहक कशाभिकेचंच प्रथिन ओळखतो आणि धोक्याची घंटा वाजवतो. म्हणजे अंगात शिरताना हे घंटा वाजवणारं सामान बाहेरच ठेवणं फायद्याचं. थंडीत कशाभिकांवरचं दमन जीएमएआर नावाचं प्रथिन उठवतं, आणि सदतीसला तेच प्रथिन उलगडून निकामी होतं. उलट, २००२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या पास्काल कोसारच्या गटाने दाखवलं की, हल्ल्याची सूत्रं हलवणाऱ्या पीआरएफए प्रथिनाचा आरएनए तिसाखाली घडी घालून बसतो आणि सदतीसला उघडतो. मग इंटर्नालिन आणि ॲक्टए ही प्रथिनं पृष्ठभागावर येतात. पहिलं आतड्याच्या पेशीत शिरायला, दुसरं पेशीच्या आत धावायला. कोबीवर पोहणारा आणि माणसात शिरणारा हे एकाच जंतूचे दोन वेश आहेत.

प्लेगचा जंतू ज्यातला, त्या येर्सिनिया कुळातही तीच तऱ्हा. अन्नातून येणारा येर्सिनिया एन्टेरोकोलिटिका पंचवीसला पोहतो, सदतीसला नाही. या कुळातल्या जंतूंच्या बाहेरच्या मेदरेणूला थंडीत सहा मेदशेपट्या असतात, सदतीसला बहुतांशी चार. सहा शेपट्यांचा रेणू आपलं शरीर लगेच ओळखतं, चारचा नीट ओळखत नाही. १९७६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका परगण्यात शाळेच्या चॉकलेट दुधातून हा जंतू मुलांमध्ये गेला. पाश्चरीकृत दुधात चॉकलेटचा पाक उघड्या टाकीत हाताने मिसळला जात होता. पोटदुखी इतकी ॲपेंडिक्ससारखी की, काही मुलांची शस्त्रक्रियाही झाली.

लिस्टेरिया अन्नातूनच पसरतो, हे पक्कं व्हायला १९८१ उजाडावं लागलं. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात कोबीच्या कोशिंबिरीतून एकेचाळीस जणांना लागण झाली, त्यातल्या बहुतेक गरोदर बाया आणि नवजात बाळं. कोबी ज्या शेतातला, तिथे मेंढ्यांचं खत वापरलं होतं आणि त्या कळपात याच रोगाने मेंढ्या दगावल्या होत्या. कोबी हिवाळाभर थंड कोठारात राहिला होता. ग्रेने मेंदूवर मुद्दाम केलेला प्रयोग कोठाराने नकळत केला. २०१७-१८ मध्ये पिरीच्याच दक्षिण आफ्रिकेत पोलोनी नावाच्या तयार मांसातून हजारावर माणसं आजारी पडली आणि दोनशेवर मेली.

आज आंतरराष्ट्रीय पद्धतीत लिस्टेरियाची पहिली वाढ तीस अंशांना करतात आणि गतिशीलता पंचवीसला बघतात. म्हणजे कागदावर रिवाज मोडला आहे. तरी छोट्या प्रयोगशाळांचे अहवाल हातात येतात तेव्हा त्यात नुसतं 'गतिशील' किंवा 'अगतिशील' असं असतं, किती अंशांना ते नसतं. तरुण सहकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: रजिस्टरमध्ये तापमानाचा एक रकाना आखा, आणि मे महिन्यात 'खोलीचं तापमान' असं न लिहिता थर्मामीटर बघून आकडा लिहा.