ॲक्सिलरेटर केबल

ॲक्सिलरेटर केबल ही मोटारीच्या ॲक्सिलरेटर पेडलची हालचाल इंजिनच्या थ्रॉटलपर्यंत पोहोचवणारी पोलादी तारेची केबल होय. गॅरेजमध्ये तिला ‘रेसची केबल’ किंवा ‘रेसची वायर’ म्हणतात. नव्या मोटारींत तिची जागा इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलने घेतली असली, तरी मारुती ओम्नीसारख्या जुन्या व्हॅनमध्ये ती अजूनही वापरात आहे. केबल अडकली तर पाय उचलूनही गाडीचा वेग उतरत नाही. म्हणून हा दोष ब्रेकच्या दोषाइतकाच गंभीर मानावा लागतो.

रचना

स्थिर आवरणात सरकणाऱ्या तारेची ही पद्धत अर्नेस्ट बाउडेन यांच्या १८९६ मधील ब्रिटिश पेटंटशी जोडली जाते. सायकलच्या ब्रेकची केबल याच जातीची आहे. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेल्या आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलेल्या ओम्नीत ७९६ घनसेंमीचे तीन सिलिंडरांचे इंजिन पुढील आसनांखाली असते. केबल पेडलपासून मागे कार्बोरेटरपर्यंत जाते. पेडल दाबल्यावर तार ओढली जाऊन थ्रॉटलची झडप उघडते. झडप बंद करण्याचे काम मात्र स्प्रिंगचे असते. तार केवळ ओढू शकते, ढकलू शकत नाही. त्यामुळे आवरणातले थोडेसे घर्षणही स्प्रिंगवर मात करते.

अडकण्याची कारणे

भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या भातशेतीच्या गावांत रोवणीच्या दिवसांत रस्त्यांवर चिखल असतो. आवरणाचे टोकाचे रबर फाटलेले असल्यास पाणी व माती आत जाते आणि गाडी काही आठवडे उभी राहिली की तार गंजून धरते. तीव्र वळणावर आवरण दबणे, तारेचे धागे तुटून आत रुतणे, ही इतर नेहमीची कारणे.

एक कारण बहुधा लक्षात येत नाही. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी तुटली किंवा सैल झाली, तर स्टार्टरचा मोठा विद्युतप्रवाह परतीसाठी दुसरी वाट शोधतो. इंजिनला जोडलेली ॲक्सिलरेटर केबल ही अशीच एक वाट असते. तार तापते, आतले प्लॅस्टिकचे अस्तर वितळते आणि केबल घट्ट होते. नवी केबल थोड्याच दिवसांत पुन्हा अडकली, तर केबलच्या दर्जाला दोष देण्याआधी ही पट्टी पाहावी.

निदान

इंजिन बंद ठेवून केबलचे कार्बोरेटरकडील टोक सोडवतात आणि थ्रॉटलचा लिव्हर हाताने फिरवतात. तो झटकन परतला, तर दोष केबलमध्ये किंवा पेडलमध्ये आहे. तो अडखळला, तर थ्रॉटलच्या दांड्यावर काजळी व इंधनाचा चिकट थर साचलेला असतो किंवा स्प्रिंग ढिली झालेली असते. अशा वेळी केबल बदलून काहीच साधत नाही. पेडलखाली सरकलेले पायपुसणेही आधीच बघून घ्यावे.

दुरुस्ती

केबल काढून उभी टांगतात आणि वरच्या टोकातून पातळ तेल थेंबथेंब सोडत तार वरखाली करतात. खालून स्वच्छ तेल येईपर्यंत हे चालू ठेवतात. रॉकेलने गंज सुटतो, पण वंगण उरत नाही. जाड ग्रीस धूळ धरते. धागे तुटलेले, आवरण दबलेले किंवा अस्तर वितळलेले असल्यास केबल बदलणे हाच उपाय आहे. काही ठिकाणी जादा स्प्रिंग लावून काम भागवले जाते. त्याने पेडल जड होते आणि मूळ दोष केवळ झाकला जातो.

नवी केबल बसवताना जुन्याच मार्गाने, एग्झॉस्टपासून दूर नेतात. लॉकनटने तार किंचित ढिली ठेवतात. पेडल पूर्ण दाबल्यावर झडप पूर्ण उघडते का आणि सोडल्यावर पूर्ण मिटते का, हे इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहतात.

चालत्या गाडीत केबल अडकल्यास

क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये घेतात आणि ब्रेक एकदाच जोराने दाबून धरतात. झडप उघडी असताना इंजिनमधील निर्वात कमी होतो. त्यामुळे व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या गाडीत ब्रेक वारंवार सोडून दाबल्यास त्याची मदत संपते. गाडी थांबल्यावर इग्निशन बंद करावे. ती चालत असताना किल्ली काढू नये, कारण स्टिअरिंग लॉक होऊ शकते.