ऑनलाइन गृहपाठ : उत्तराची देवाणघेवाण की आकलनाची?

गृहपाठात अडलेला प्रश्न इंटरनेटवर मांडायचा आणि दुसऱ्या गावातील, प्रसंगी दुसऱ्या देशातील विद्यार्थ्याने तो सोडवून द्यायचा, ही रीत गेल्या दोन दशकांत जगभर रूढ झाली. या देवाणघेवाणीतून मूल शिकते की केवळ वही भरते, हा पालक व शिक्षकांपुढील खरा प्रश्न आहे.

मूळ मद्रासेत

विद्यार्थ्यानेच विद्यार्थ्याला शिकविण्याची कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी एका स्थानिक शाळेत मुलांना वाळूत अक्षरे गिरविताना पाहिले. ती पद्धत आपल्या शाळेत आणताना त्यांनी जाणत्या मुलांवर लहानांना शिकविण्याचे काम सोपविले. १७९७ मध्ये त्यांनी या प्रयोगाचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडमधील अनेक शाळांत पोहोचली.

पोलंडमधून भारतात

इंटरनेटवर या कल्पनेला मोठे रूप मिळाले ते पोलंडमध्ये. २००९ मध्ये क्राकूफ शहरात मिहाऊ बोर्कोव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘झादाने’ हे संकेतस्थळ सुरू केले. या पोलिश शब्दाचा अर्थ ‘नेमून दिलेले’, म्हणजे गृहपाठ. हाच उपक्रम पुढे ‘ब्रेनली’ या नावाने ओळखला गेला आणि रशिया, तुर्कस्तान, इंडोनेशिया, ब्राझील, भारत आदी देशांत पसरला. प्रश्न विचारताना गुण खर्च करायचे आणि उत्तर देऊन ते कमवायचे, अशी त्याची मूळ रचना होती. ‘बालभारती’च्या पुस्तकांतील स्वाध्यायांचे प्रश्नही तेथे मराठीतून विचारले गेले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा वर्गमित्रांच्या व्हॉट्सअॅप गटांवरही वहीच्या पानांची छायाचित्रे फिरू लागली.

गणिताला वाहिलेल्या ‘मॅथेमॅटिक्स स्टॅक एक्स्चेंज’ या २०१० मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर मात्र वेगळा शिरस्ता पडला. प्रश्नकर्त्याने स्वतः काय प्रयत्न केला आणि नेमके कोठे अडले, हे आधी सांगावे, अशी तेथे अपेक्षा असते.

लाभ कोणाचा?

लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधक नोरीन वेब यांनी गटाने गणित शिकणाऱ्या मुलांवरील अभ्यासांचा आढावा १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. समजावून सांगणाऱ्या मुलांची प्रगती चांगली आढळली; ज्यांना स्पष्टीकरणाविना नुसते उत्तर मिळाले, त्यांना त्याचा लाभ दिसला नाही.

याचे कारण एका उदाहरणावरून लक्षात येईल. क्ष² − ५क्ष + ६ = ० हे वर्गसमीकरण घ्या. ‘२ आणि ३’ एवढेच उत्तर मिळाले, तर तेवढ्यापुरते काम भागते. ‘ज्यांची बेरीज ५ व गुणाकार ६ येतो, अशा दोन संख्या शोध’, असे कोणी सांगितले, तर पुढचे समीकरणही सुटू शकते. शिवाय हे सांगणाऱ्याला स्वतःची समज तपासून पाहावी लागते.

धोके आणि पथ्य

उत्तर देणाराही विद्यार्थीच असल्याने चूक होऊ शकते आणि तीच चूक अनेक वह्यांत उतरते. अभ्यासक्रम बदलला तरी जुनी उत्तरे इंटरनेटवर राहतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आल्यानंतर तयार उत्तर मिळविण्यासाठी दुसऱ्या विद्यार्थ्याचीही गरज उरली नाही. त्यामुळे मागण्याची रीत अधिकच महत्त्वाची ठरते.

प्रश्न विचारण्यापूर्वी स्वतः प्रयत्न करावा, उत्तराऐवजी पहिली पायरी विचारावी, मिळालेले उत्तर पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहावे आणि मग वही मिटून तेच उदाहरण पुन्हा सोडवावे. पाल्याने मदत घेतली का, यापेक्षा ‘हे मला समजावून सांग’ असे पालकांनी विचारणे अधिक उपयुक्त. दहावीच्या गणिताच्या उत्तरपत्रिकेत पायऱ्यांनाही गुण असतात, आणि त्या तेथे ज्याच्या त्यालाच लिहाव्या लागतात.