हिऱ्याची ओळख : नैसर्गिक की प्रयोगशाळेतला (सुरत)

सुरतेच्या हिरेउद्योगातील पारखीचा एक प्रश्न. खाणीतून आलेला हिरा आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा नुसत्या डोळ्यांनी, किंवा दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगानेही, खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ सुरतेतून जातात, असे मानले जाते. हिरे वाढवण्याचे कारखानेही आता येथेच आहेत, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात, हिरा ज्यांवर वाढवतात त्या बीज-चकत्यांवरील आयातशुल्क रद्द झाल्याने त्यांना बळ मिळाले. दोन्ही माल एकाच बाजारात फिरतो, म्हणून हा प्रश्न येथे अधिक तीव्र आहे.

सुरतेच्या पारख्याची नजर कच्ची आहे असे मुळीच नाही. महिधरपुऱ्याच्या गल्लीत किंवा वराछ्याच्या मिनी बजारात दलाल कागदाची पुडी उघडतो, खडा घडीत पालथा ठेवून रंग पाहतो, चिमट्यात धरून आयग्लासखाली डाग शोधतो आणि काही क्षणांत भाव बोलतो. रंग, शुद्धता, घाट आणि पैलूंची सफाई या चारही बाबतींत ही नजर सहसा चुकत नाही. ती अडते ती केवळ उगमापाशी.

याचे कारण साधे आहे. प्रयोगशाळेतला हिरा ही नक्कल नव्हे. नकली खडे पकडता येतात : क्यूबिक झिर्कोनिया हिऱ्याहून बराच जड असतो, तर मॉइसनाइटमध्ये भिंगातून तिरपे पाहिल्यास मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. पण प्रयोगशाळेतला हिरा म्हणजे कार्बनचीच तीच स्फटिकरचना. घनता ३.५२, वक्रीभवनांक २.४२, काठिण्य १०, सारे तेच. उष्णतावहन मोजणारा ‘पेन’ त्याला हिरा म्हणतो, आणि ते बरोबरच असते.

असे हिरे दोन रीतींनी होतात. अतिदाब व अतितापमानाची रीत अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५४ मध्ये साधली. दुसऱ्या, सीव्हीडी या रीतीत मिथेन व हायड्रोजन वायूंच्या प्लाझ्मातून कार्बन हिऱ्याच्या पातळ बीज-चकतीवर थरांनी बसतो. पहिल्या रीतीच्या खड्यात कधी धातूचे कण अडकतात, दुसऱ्या रीतीच्या खड्यात काळे ठिपके राहतात. भिंगाखाली दोन्ही अनेकदा नैसर्गिक डागांसारखेच भासतात, आणि स्वच्छ खड्यात तर पाहायलाच काही नसते.

खरा फरक नायट्रोजनात आहे. पृथ्वीच्या पोटात दीर्घकाळ राहिलेल्या हिऱ्यात नायट्रोजनचे अणू एकमेकांजवळ येऊन पुंजके करतात. ९५ टक्क्यांहून अधिक नैसर्गिक रत्नहिरे या ‘एक-अ’ प्रकारचे असतात आणि लघुतरंग अतिनील किरण अडवतात. सीव्हीडी हिरे बहुधा जवळजवळ नायट्रोजनरहित ‘दोन-अ’ प्रकारचे असतात व ते किरण पार जाऊ देतात. चाळणी-यंत्रे प्रामुख्याने अशा भेदांवर चालतात. मात्र थोडे नैसर्गिक हिरेही ‘दोन-अ’ असतात. त्यामुळे यंत्राने बाजूला काढलेला प्रत्येक खडा प्रयोगशाळेतलाच असे समजणे चूक. त्याची वाढ कशी झाली ते तीव्र अतिनील प्रकाशातील चकाकीच्या नक्षीवरून किंवा वर्णपटावरून ठरवावे लागते.

हिऱ्यावरील संस्कारांबाबत मात्र डोळा अजून उपयोगी पडतो. चिरेत काचसदृश द्रव्य भरले असेल, तर खडा हलवताना निळी-नारिंगी झाक चमकून जाते. लेसरने पाडलेले छिद्रही भिंगात दिसते. उच्च दाब-तापमानात तपकिरी छटा घालवणे, हा संस्कार नैसर्गिक हिऱ्यावरही होतो आणि सीव्हीडीवरही. तो डोळ्याला बहुतांशी अदृश्य आहे.

उगम न ओळखता येण्याचा हा त्रास मोत्यांच्या व्यापाराने आधी भोगला आहे. १९२० च्या दशकात जपानी संवर्धित मोती बाजारात आले, तेव्हा बसरा मोत्यावर पोसलेल्या मुंबई-पॅरिसच्या झवेऱ्यांना वरून काहीच कळेना. मोत्याच्या पृष्ठावरचे थर खरेच होते, फरक होता गाभ्यात, आणि तो क्ष-किरणांसारख्या साधनांनीच दिसला. लंडनच्या चेंबर ऑफ कॉमर्सने १९२५ मध्ये काढलेली रत्नप्रयोगशाळा मुख्यतः याच तपासासाठी होती.

हिऱ्याच्या मोठ्या खड्याला प्रमाणपत्र घेता येते. २०१२ मध्ये अँटवर्पच्या प्रयोगशाळेत नैसर्गिक म्हणून आलेले शेकडो सीव्हीडी हिरे त्या तपासणीतच उघडे पडले. सुरतेची अडचण बारीक मालाची आहे. १.३ मिलिमीटर व्यासाचा गोल हिरा सुमारे एक सेंट, म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग. एका पुडीत असे हजारो, आणि एकेकाच्या प्रमाणपत्राचा खर्च खड्याच्या किमतीला परवडत नाही. पुडी जांगडवर, म्हणजे विकल्यास पैसे या बोलीवर, हातोहात फिरते, मालाची पुन्हा पुन्हा चाळणी व जुळणी होते, आणि भेसळ कोणत्या टप्प्यावर शिरली हे शोधणे अवघड होते. म्हणून खडे आपोआप भरून एकेक तपासणारी यंत्रे आली. दागिन्यात जडवलेले बारीक हिरे तपासणे याहूनही कठीण, कारण कोंदण बाजू झाकते.

आयएसओ १८३२३ या २०१५ च्या मानकानुसार नुसते ‘हिरा’ म्हटले की नैसर्गिकच समजायचा. प्रयोगशाळेतल्याचा तसा उल्लेख बंधनकारक आहे. खड्याच्या कमरेवर लेसरने कोरलेला क्रमांकही पुरेसा पुरावा नाही : नैसर्गिक हिऱ्याचा प्रमाणपत्र-क्रमांक प्रयोगशाळेतल्या खड्यावर कोरल्याची प्रकरणे तपासणीत सापडली आहेत. अशा वेळी वजन, मापे आणि डागांचा नकाशा प्रमाणपत्राशी ताडून पाहतात, आणि शंका उरली तर खडा पुन्हा यंत्राखाली जातो.