भूल आणि आयसीयूच्या टीमला एकत्र काम करण्याचे प्रशिक्षण का लागते?

शस्त्रक्रिया ठरली की घरचे पहिला प्रश्न विचारतात, "ऑपरेशन कोण करणार?" प्रश्न योग्यच आहे. पण भूल दिल्यावर, आणि पुढे आयसीयूमध्ये, रुग्णाची सुरक्षितता एकट्या डॉक्टरच्या हातात नसते. भूलतज्ज्ञ, सर्जन, निवासी डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ मिळून ती सांभाळतात. यातल्या प्रत्येकाने आपापल्या कामाचे शिक्षण घेतलेले असते. मात्र अडचणीच्या वेळी सर्वांनी मिळून कसे वागायचे, हे वेगळे शिकावे लागते. हे प्रशिक्षण नेमके काय असते आणि रुग्ण व नातेवाईक म्हणून तुमचा त्यात काय वाटा आहे, ते पाहू.

कुशल डॉक्टर असूनही अडचण का येते?

मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर काही मिनिटांतच इजा होऊ लागते. म्हणून भूल देताना श्वासाचा मार्ग बंद झाला तर विचार करायला फार वेळ नसतो. अशा ताणाखाली माणसाचे लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. हातातले काम जमेपर्यंत तो तेच पुन्हा पुन्हा करत राहतो आणि किती वेळ गेला याचे भान सुटते. अनुभवी डॉक्टरांच्या बाबतीतही हे घडू शकते.

२००५ मध्ये इंग्लंडमधील इलेन ब्रॉमिली यांच्या बाबतीत असेच घडले. सायनसची साधी, आधीपासून ठरलेली शस्त्रक्रिया होती. भूल दिल्यावर त्यांचा श्वासमार्ग खुला ठेवता येईना. अनुभवी डॉक्टर बराच वेळ तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले. दरम्यान एका परिचारिकेने गळ्यातून श्वासमार्ग उघडण्याचे साहित्य आणून ठेवले होते आणि तसे सांगितलेही होते. दुसरीने आयसीयूमध्ये खाटेची विचारणा केली होती. काय करायला हवे हे खोलीतल्या काही जणींना कळत होते, पण ते ठामपणे मांडायचे कसे, हे त्यांना उमगत नव्हते. काही दिवसांनी इलेन यांचा मृत्यू झाला. त्यांचे पती मार्टिन ब्रॉमिली वैमानिक आहेत. कोणाला शिक्षा व्हावी यापेक्षा यातून सर्वांनी शिकावे, असा आग्रह त्यांनी धरला आणि २००७ मध्ये त्यासाठी एक संस्था सुरू केली. आज ही घटना अनेक देशांत भूलतज्ज्ञांना शिकवली जाते.

ही पद्धत आली कुठून?

१९७७ मध्ये टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ जणांचा जीव गेला. धावपट्टी मोकळी आहे का, अशी शंका एका विमानातील फ्लाइट इंजिनिअरने काढली होती, पण ती मनावर घेतली गेली नाही. अशा अपघातांनंतर विमान कर्मचाऱ्यांना एकत्र काम करण्याचे आणि वरिष्ठांसमोर बोलण्याचे प्रशिक्षण देणे सुरू झाले. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. डेव्हिड गाबा आणि सहकाऱ्यांनी ते भूलशास्त्रात आणले.

प्रशिक्षणात काय शिकवतात?

• मदत लवकर मागणे: मदतीला हाक मारणे म्हणजे कमीपणा नव्हे.
• नेतृत्व स्पष्ट ठेवणे: एकाने सूचना द्यायच्या आणि कोणी काय करायचे ते नाव घेऊन सांगायचे.
• सूचना परत उच्चारणे: "अमुक इंजेक्शन द्या" असे सांगितल्यावर ऐकणारा औषधाचे नाव आणि मात्रा पुन्हा बोलतो, आणि दिल्यावर "दिले" असे सांगतो.
• शंका बोलून दाखवणे: आधी प्रश्न, मग काळजीचे कारण, आणि तरीही कोणी ऐकले नाही तर "थांबा, हे सुरक्षित नाही" असे स्पष्ट सांगणे.
• ऐकून घेणे: हा धडा वरिष्ठांसाठी आहे. सिस्टरने शंका काढली तर हातातले काम क्षणभर थांबवून उत्तर द्यायचे.
• प्रसंगानंतर बोलणे: काय जमले, काय राहिले, यावर दोष न देता चर्चा करायची.

सराव बहुतेक वेळा पुतळ्यावर होतो. या पुतळ्याची नाडी, श्वास आणि रक्तदाब संगणकाने बदलता येतो. अचानक हृदय बंद पडणे, भुलीच्या औषधाची तीव्र ॲलर्जी, श्वासमार्ग न मिळणे असे प्रसंग उभे केले जातात. डॉक्टरांचा आणि परिचारिकांचा वर्ग वेगवेगळा भरवून उपयोग कमी होतो. जे प्रत्यक्षात एकत्र काम करतात, त्यांनी सरावही एकत्र करावा लागतो. असे प्रसंग रोज येत नसल्याने शिकलेले विसरते, म्हणून सराव ठरावीक काळाने पुन्हा करावा लागतो.

ऑपरेशन थिएटर आणि आयसीयू यांची गरज सारखी नसते

थिएटरमधील संकट काही मिनिटांत वाढते आणि टीम लहान असते, त्यामुळे तिथे जलद निर्णयाचा सराव महत्त्वाचा. आयसीयूत रुग्ण अनेक दिवस असतो आणि दर पाळीला माणसे बदलतात. तिथे मोठा धोका असतो तो माहिती निसटण्याचा. रात्री बदललेले औषध सकाळच्या पाळीला कळले नाही, तर नुकसान होऊ शकते. म्हणून आयसीयूच्या प्रशिक्षणात रुग्ण सोपवताना ठरावीक क्रमाने बोलायला शिकवतात: आत्ता काय स्थिती आहे, आधी काय झाले, आपला अंदाज काय आणि पुढे काय करायचे.

याचा खरोखर उपयोग होतो का?

जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची सुरक्षा यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्यापूर्वी ती मोठ्याने वाचायची असते. नवी दिल्लीसह ८ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. टीमचे प्रशिक्षण घेतलेल्या ७४ रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १८ टक्क्यांनी घटले. प्रशिक्षण न घेतलेल्या ३४ रुग्णालयांत ही घट ७ टक्के होती. मिशिगन राज्यातील आयसीयूंमध्ये मोठ्या शिरेत नळी घालताना पाच साध्या गोष्टी पाळायच्या ठरल्या. एखादी राहिली तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना दिला. त्या नळीमुळे होणारा रक्तातील जंतुसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत कमी झाला.

मात्र यादीवर नुसत्या खुणा करून फायदा होत नाही. तसेच एका परिचारिकेकडे झेपणार नाहीत इतके रुग्ण असतील, तर ती उणीव प्रशिक्षणाने भरून निघत नाही.

तुम्ही काय करू शकता?

शस्त्रक्रियेपूर्वी:
• भूलतज्ज्ञांना भेटायला वेळ मागा. आधीच्या भुलीत रुग्णाला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला त्रास झाला असेल, तर ते सांगा.
• ॲलर्जी, चालू औषधे, हलणारे दात, कवळी, घोरणे, तंबाखू आणि दारू यांविषयी काहीही लपवू नका.
• नाव, शस्त्रक्रिया आणि बाजू वेगवेगळ्या व्यक्तींनी पुन्हा पुन्हा विचारली तर वैतागू नका. ती पडताळणी आहे. प्रत्येक वेळी पूर्ण उत्तर द्या.
• विचारा: "इथे शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी वापरता का? अचानक अडचण आली तर मदतीला कोण असते? नंतर आयसीयू लागला तर सोय कुठे आहे?"

आयसीयूमध्ये:
• डॉक्टरांशी बोलण्यासाठी घरातील एकच व्यक्ती ठरवा. तिनेच इतरांना कळवावे.
• आजची मुख्य जबाबदारी कोणाची आणि रात्री कोण असते, ते विचारा.
• रुग्णाचे बोलणे, श्वास किंवा रंग वेगळा वाटला तर लगेच सांगा. त्याचा नेहमीचा स्वभाव तुम्हालाच जास्त माहीत असतो. सिस्टरना सांगूनही काळजी वाटत असेल, तर ड्यूटीवरील डॉक्टरांना बोलावण्यास सांगा.
• राग आला तरी कर्मचाऱ्यांवर ओरडू नका. घाबरलेला कनिष्ठ डॉक्टर किंवा परिचारिका मनातली शंका बोलून दाखवत नाही, आणि त्याचा तोटा तुमच्याच रुग्णाला होतो. तक्रार असेल तर विभागप्रमुखांकडे लेखी द्या.

लक्षात ठेवा

चांगल्या टीममध्येही अडचणी येतात. फरक इतकाच की तिथे ती सर्वांत आधी ज्याच्या लक्षात येते, तो बोलतो आणि बाकीचे ऐकतात. रुग्णालय निवडताना यंत्रांची यादी पाहता, तसे तिथल्या कर्मचाऱ्यांचा एकत्रित सराव होतो का, हेही मोकळेपणाने विचारा.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या रुग्णाबाबतचे निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.