करडई, जवस आणि 'हृदयाचं तेल'

परवा नव्या जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीन घातलं आणि येताना घरासाठी तेलाच्या पिशव्या आणल्या. तेलबी विकून तेल विकत घेणारे आपण!

पूर्वी आपल्याकडं रब्बी ज्वारीत करडईचे पाटे असायचे. धुऱ्याच्या कडेनं तर हमखास, कारण काट्यामुळं ढोरं आत शिरत नाहीत. जवसाचीही चार तासं असायची. कालवणाला घाण्यावरचं करडईचं तेल, भाकरीवर जवसाची चटणी. दोन्ही तेलं बहुअसंतृप्त, पण जात वेगळी. करडईत साधारण ७५ टक्के लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-६. जवसात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३.

ही आम्लं शरीर स्वतः बनवत नाही, अन्नातूनच लागतात. हे १९२९-३० मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोनं उंदरांवर दाखवलं. चरबी पूर्ण तोडली तर उंदरांची वाढ खुंटली, कातडीला खवले आले.

पुढं लिनोलिकनं कोलेस्टेरॉल उतरतं हे कळलं आणि करडईचं तेल शहरात 'हृदयाचं तेल' झालं. आता खरी गोष्ट ऐका. १९६६ ते १९७३ या काळात सिडनीत हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला. निम्म्यांना लोणी-चरबीऐवजी करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू जास्त झाले: १७.६ टक्के, दुसऱ्या गटात ११.८. हृदयविकारानं किती गेले, याचा पूर्ण हिशोब २०१३ मध्ये जुनी आकडेवारी पुन्हा तपासल्यावर छापून आला.

म्हणून करडई वाईट, असं मी म्हणणार नाही. त्याआधी ऑस्लोत सोयाबीन तेलावर असाच प्रयोग झाला, तिथं हृदयाचे झटके कमी झाले. सोयाबीनमध्ये ६-७ टक्के ओमेगा-३ असतं, करडईत जवळपास नसतंच. फरक तेवढ्यानंच पडला असं छातीठोक सांगता येत नाही, पण अनेक शास्त्रज्ञांचं बोट तिकडंच आहे. आपल्या आज्या करडईसोबत जवस खात होत्या. सिडनीवाल्यांच्या ताटात ती चटणी नव्हती.

जवसाचं तेल मात्र तळायला नको. हवेतला ऑक्सिजन ते पटकन धरतं, म्हणून तर लाकडाला लावलं की सुकून कडक होतं. चटणीही थोडी थोडीच कुटावी, महिनाभर ठेवली की खवट लागते. अख्खं बी गिळलं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं.

यंदा हरभऱ्यात जवसाची काही तासं आणि धुऱ्यानं 'परभणी कुसुम' करडई टाकतोय. जवसाचं घरचं जुनं बी कुणाकडं असेल तर पेरणीआधी कळवा, शेरभर पुरे.